चिरोट्यातला बांगडा

बांगडा आला की आधी कावळ्यांना कळतं, मग मांजरांना आणि मग आमच्या आळीला. यंदा तो उशिरा आला. दिवाळी होऊन गेली, आकाशकंदिलांचे कागद वाऱ्याने फाटले, तरी भाट्याच्या पुळणीवर रापण जवळजवळ रिकामीच वर येत होती. परवा सकाळी अंगणात सडा घालत होते तेव्हा कावळ्यांची रांग माडांवरून खाडीच्या तोंडाकडे जाताना दिसली. मी सडा अर्धा टाकला, टोपली उचलली आणि चालू लागले. अर्ध्या ओल्या अंगणाला कोणी नावं ठेवली तर ठेवू देत.

रापणीचं जाळं किनाऱ्याला लागतं तेव्हा आधी पाणी उकळल्यासारखं दिसतं. दोर ओढणाऱ्यांचा आवाज एकदम बसतो, कारण ज्याचं त्याचं लक्ष ओझ्याकडे गेलेलं असतं. मग वाळूवर तो ढीग पसरतो. पाठीवर हिरव्या-निळ्या नागमोडी रेघा, चंदेरी पोटं, आणि असंख्य शेपट्या ओल्या वाळूवर एकाच वेळी आपटल्याचा आवाज. पापलेट पाहुण्यांसाठी, सुरमई कौतुकासाठी. बांगडा मात्र घरचा. त्याला काटे आहेत, वास आहे, आणि तो शेजाऱ्यांपासून लपवता येत नाही. मला तो त्यासाठीच आवडतो.

बांगड्याचे हंगाम मी पुष्कळ पाहिले, पण त्यातला एक बाकीच्यांत मिसळत नाही. त्या वर्षी आमचे हे आगबोटीवरून रजेवर आले होते, आणि ते परत जाणार की घरी राहणार हे ठरायचं होतं. इतकंच. पण ते इतकंच माझ्या डोक्यात सकाळपासून दिवेलागणीपर्यंत घोळत असे, आणि अजूनही ताज्या बांगड्याच्या वासाबरोबर ते सगळे दिवस घरात शिरतात. माझे वडील मराठी शाळेत मास्तर होते. त्यांनी मला लिहायला शिकवलं ते हिशेबाच्या वहीपुरतं, असं माझ्या सासरी सगळ्यांना वाटतं. वाटू दे.

हे मुंबईहून विलायतेला जाणाऱ्या मोठ्या बोटींवर होते. आधी भंडारी म्हणून लागले, म्हणजे खलाशांचा भात-कालवण रांधणारा आचारी. मग गोऱ्या उतारूंच्या भटारखान्यात एका गोवेकर बेकऱ्याच्या हाताखाली गेले. काही वर्षांनी एकदा घरी यायचे, ओटीवर बसून माणसांत यायला लागायचे आणि तेवढ्यात सारंगाचा निरोप यायचा. सारंग म्हणजे खलाशांवरचा मुकादम, बोटीसाठी माणसं गोळा करणारा. निरोप आला की ट्रंक उचलायची. आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती. त्यांतली एकत्र किती गेली ते विचारू नका.

त्या वर्षी मला ते राहायला हवे होते. आज मी हे सरळ लिहिते, तेव्हा तोंडातून काढलं नव्हतं. आमच्या बाजूला बायका नवऱ्याला जाऊ नका म्हणत नाहीत. हातावर दही घालतात आणि तब्येतीला जपा म्हणतात. शिवाय मी मानी. मागून मिळालेलं मला गोड लागत नाही. त्यांनी आपणहून राहावं असं मला वाटे. पण आपणहून राहायला माणसाला काही काम लागतं, आणि यांना घरी काम नव्हतं. भात कुळं बघत होती, माडांवर पाडेली चढत होता, देवपूजा सासूबाई करत होत्या, चूल माझी होती. हे ओटीवर बसत, समुद्राकडे बघत आणि थोड्या थोड्या वेळाने उठून चुलीपाशी येत.

चुलीपाशी येऊन वास घेत. झाकण न काढता, जरा वाकून, डोळे मिटून. मग म्हणत, "मीठ कमी हाय." आणि मीठ कमीच असे, हा त्यातला संतापजनक भाग होता. एकदा मी पळी त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "मग आज तुम्हीच करा."

त्यांनी आमटी केली. आम्ही घरात तीन माणसं: सासूबाई, हे आणि मी. पण यांच्या हाताला तिघांचं मापच नव्हतं. मूठभर डाळ घ्यायला हात डब्यात जाई आणि डबा रिकामा करून बाहेर येई. त्यांचा दोष नव्हता. इतकी वर्षं ज्याने बोटीवरच्या सगळ्या खलाशांसाठी रांधलं त्याला तीन माणसं म्हणजे तीन शितं. ती आमटी आम्ही खाल्ली, आळीने खाल्ली, उरलेली म्हशीच्या आंबोणात गेली. सासूबाई म्हणाल्या, "ह्याला आता जेवायला वरात आणून दे गो." मी हसले. हेही हसले, पण मग बराच वेळ हात धूत राहिले.

आमच्या सासूबाई मोजकं बोलत. त्यांच्या बोलण्याला मीठ लावावं लागत नसे.

संध्याकाळी ओटीवर दाजी येत. दाजी म्हणजे शेजारचे वयस्कर गृहस्थ, देवळाचे मानकरी. देवळाच्या पंगतीत कोण बसेल आणि कोण नाही हे त्यांच्या शब्दावर ठरे. ते चंची उघडून पान जमवत आणि यांना बोटीवरच्या गोष्टी विचारत. बंदरं, वादळं, गोऱ्यांच्या बायकांचे कपडे. हे सगळं सांगत, पण त्यांचं मन रमे ते भटारखान्यात. त्यांच्या बोलण्यात एक पदार्थ सारखा येई. त्याला ते सासेज-रोल म्हणत. साहेब लोकांच्या चहाबरोबर द्यायचा. खिमा मसाल्यात मळायचा, बोटभर लांब वळी करायची, ती लोण्याने पदर सुटलेल्या कणकेत गुंडाळायची आणि भट्टीत घालायची. नाताळात कणकेऐवजी मांसाचीच पातळ पट्टी गुंडाळत. हे सांगताना त्यांची बोटं हवेत वळ्या वळत असत.

"मांस कसलं?" दाजींनी एकदा विचारलं.

"डुकराचं."

सासूबाई कापसाच्या वाती वळत होत्या, त्या थांबल्या.

"हात लावलास?"

"हातानंच करायचं ते. लावला."

दाजींनी सुपारी कातरली. मग सावकाश म्हणाले, "आणि चाखल्याबिगर आचाऱ्याला मीठ कळतं कसं रे?"

प्रश्न साधा दिसत होता, पण त्याच्या उत्तरावर पंगतीतलं आमचं पान अवलंबून होतं. यांनी सांगितलं की गोवेकर चाखायचा, आपण वासावर काम करायचो. दाजी नुसते हसले. तसं हसणं मला खपत नाही. पुरुषांच्या बोलण्यात मी पडत नाही असं म्हणणं खोटं होईल, मी पडते. मी आत गेले, तीन वाट्यांत गरम आमटी घेतली, एक बिनमिठाची ठेवली, तिन्हींवर झाकण्या घातल्या आणि ओटीवर आणून ठेवल्या. "घ्या वास," मी यांना म्हटलं.

यांनी झाकणी उचलायचीही वाट पाहिली नाही. मधल्या वाटीवर बोट ठेवलं. "ही अळणी हाय."

दाजींनी बोट बुडवून पाहिलं. मग दुसऱ्या वाटीत बुडवलं. "नाक हाय तुझं का काय हाय?" ते म्हणाले आणि पान तोंडात घातलं. सासूबाईंच्या वाती पुन्हा सुरू झाल्या. डुकराला हात लागला होता तो लागलाच होता. त्याचं त्यांनी दुसऱ्या दिवशी यांना तुळशीपाशी पंचगव्य देऊन पाहून घेतलं. पण पंगतीतलं पान राहिलं.

आता मी बांगड्याकडे येते.

त्या वर्षी बांगडा असा आला की विचारू नका. सकाळी बांगडा, दुपारी बांगडा. तिखल्याचा, त्या झणझणीत कालवणाचा, वास पांघरुणांनाही येऊ लागला. खारवून झाला, वाळवून झाला, दारोदार वाटून झाला. कोळणी टोपल्या तशाच सोडून जाऊ लागल्या. तेव्हा आमच्याकडे करतात तेच केलं: माडांच्या बुंध्यांभोवती आळी खणली आणि बांगडा खत म्हणून पुरायला घेतला. माड त्यावर खूश असतो.

हे आळ्याच्या काठावर उभे राहिले आणि त्यांचा चेहरा बदलला. "येवढा बांगडा मातीत?" ते म्हणाले. मी म्हटलं, "मग काय करायचं?" समुद्राच्या मधोमध बाजार नसतो, तिथे चार कांदे फुकट घालवणाऱ्याला माणसं माफ करत नाहीत, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. त्या वेळी त्यांनी गड्याच्या हातून फावडं काढून घेतलं आणि टोपली घेऊन चुलीकडे गेले.

बांगडे वाफवले. काटे काढायला बसले ते ओटीवर, आणि इतक्या दिवसांत प्रथमच मी त्यांना समुद्राकडे न बघता बसलेलं पाहिलं. खिम्यात आलं, लसूण, मिरची, आमसुलं. तिरफळं मी घातली. बांगडा आणि तिरफळ नाही हे मला बघवेना. खिमा बांधून यायला बोटीवर पावाचा चुरा घालत. पाव आमच्या घरात येणं शक्य नव्हतं. पावाचं नाव काढलं की विहिरीत पाव पडून गावं बाटल्याच्या जुन्या गोष्टी निघत. मी पोहे भाजून कुटून दिले. यांनी वास घेतला, चाखलं नाही, आणि मान डोलावली.

मग भट्टी. परसात जांभ्याचे चिरे पडले होते, ते मातीत बसवून त्यांनी कमरेएवढी गोल भट्टी उभी केली. आळीत चर्चा झाली. कोणी म्हणे कोंबड्यांचं खुराडं, कोणी म्हणे चुनाभट्टी. सासूबाईंना कोणीतरी विचारलंच, तेव्हा त्या म्हणाल्या, "पोर खेळतंय. खेळू दे."

पहिला घाणा फसला. त्यांनी मैद्यात लोणी लावून पदर काढले, बोटीवर काढत तसे. पण बोटीवर बर्फाच्या कोठ्या असतात. आमच्याकडे दिवाळीनंतरचं ऊन असतं. लाटतानाच लोणी पोळपाटावरून ओघळायला लागलं. भट्टीतून निघाले तेव्हा कणीक एकीकडे आणि बांगडा उघडाबोडका एकीकडे. हे त्याच्याकडे बघत राहिले. मला हसू आवरेना, आणि हसता हसता लक्षात आलं की असल्या पदरांत माझा कोणी हात धरणारं नाही. दिवाळीचे माझे चिरोटे सगळ्या आळीत मोडून दाखवत, पदर मोजायला.

"बाजूला व्हा," मी म्हटलं.

लोणी नाही, साटा. तूप आणि तांदळाची पिठी फेसायची, मलईसारखी झाली की पोळीवर लावायची, पोळीवर पोळी, पुन्हा साटा, घट्ट गुंडाळी, आडव्या लाट्या कापून लाटायच्या. पिठी तुपाला धरून ठेवते. ऊन असो की भट्टी असो, पदर सुटतात ते सुटायच्या वेळीच. त्या लाटीत यांनी बांगड्याची वळी ठेवली, कडा पाण्याच्या बोटाने मिटल्या. चिरोटा तळतात, आम्ही भाजला. पत्रा बाहेर ओढला तेव्हा प्रत्येक वळीला सोनेरी पापुद्रे सुटले होते, आणि एकाच्या फटीतून तिरफळाचा वास येत होता. आम्ही दोघांनी भट्टीपुढे उकिडवे बसून एक मोडली. गरम होती, जीभ पोळली. यांनी खाल्ली, चाखली नव्हे, खाल्ली. त्यांच्या खांद्याला माझा खांदा लागला होता, तो त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही. लग्नातले फोटो आमच्याकडे नाहीत. माझ्यापाशी ती दुपार आहे.

त्या पदार्थाला आळीत नाव नव्हतं, कारण आळीने तो अजून पाहिला नव्हता. आम्ही चार दिवस दोघांतच करून बघत होतो. साटा मी वाडगाभर करून ठेवी, हे वळ्या वळत. कधी कधी वाटे, संसार म्हणतात तो हाच असावा.

आणि मग इब्राहिम सारंग आला. राजिवड्याचा भला माणूस, यांना धाकट्या भावासारखा वागवायचा. ओटीच्या पायरीवर बसून म्हणाला, "भंडारी, बोट भरतेय. नाव घालू ना तुझा?" त्याने मुंबईला निघायची तारीख सांगितली. इथल्या मांडवीच्या धक्क्यावरून पडावात बसून बाहेर उभ्या आगबोटीवर चढायचं, नेहमीसारखं.

"बघतंय," हे म्हणाले.

नेहमी ते "घाल" म्हणत. हे "बघतंय" मी दाराआडून ऐकलं. रात्री जेवताना यांनी आपणहून सांगितलं, "एकदा आळीला खायला घालू या. लोकांना आवडलं तर बघू."  मला पुरेसं होतं. मी त्या रात्री मोठ्या परातीत साटा फेसला.

दुसऱ्या दिवशी राजिवड्याच्या रापणीला तुडुंब बांगडा लागला. आम्ही सासवासुना पहाटे काकडआरतीला देवळात गेलो होतो. कार्तिक महिनाभर जातोच. त्या दिवशी लगेच परतलो नाही, कारण दिवसभर कीर्तन होतं. यांना मी निघताना "आम्ही देवळात" म्हटलं, ते अंथरुणातून "हूं" म्हणाले. मागाहून येतील असं धरलं. यांच्यासाठी उकडलेली रताळी झाकून ठेवली होती. कार्तिकी एकादशी आहे हे कोणी कोणाला सांगतं का?

सांगावं लागतं. बोटीवर तारखा असतात, वार असतात, तासांच्या घंटा असतात. तिथी नसते. यांना कोणत्या तारखेला कोणतं बंदर लागेल ते पाठ होतं, आणि आज शुद्ध एकादशी आहे हे ठाऊक नव्हतं.

दिवस कलला आणि आळीच्या आळी देवळातून परत निघाली. कपाळाला बुक्का, पोटात सकाळचे शेंगदाणे आणि दुपारचं ताक. दाजी पुढे टाळ घेऊन. आळीच्या तोंडाशी आलो आणि वास आला. भाजलेल्या तुपाचा, तिरफळाचा, बांगड्याचा. पुढच्यांचे पाय मंदावले, मागचे त्यांच्यावर येऊन थांबले. टाळ वाजायचे राहिले.

आमच्या अंगणात केळीची पानं मांडली होती, शंभरावर वळ्या त्यांवर रचल्या होत्या. हे नुकतेच न्हाऊन, स्वच्छ धोतर नेसून उभे होते. एवढ्या माणसांना येताना पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"या," ते म्हणाले. "बसा सगळे."

कोणी हललं नाही. कोणाच्या तरी पोटात गुरगुरलं, आणि त्या शांततेत ते सगळ्यांना ऐकू आलं. दाजी म्हणाले, "अरे, आज एकादशी."

मी यांच्याकडे पाहत होते. माणसाचा चेहरा पडतो म्हणतात, तो मी तेव्हा पाहिला.

"तू काय खाल्लंस?" दाजींनी विचारलं.

"काय नाय. रताळी होती."

"आणि ह्यातलं?"

"मी चाखत नाय," हे म्हणाले, इतक्या हळू की पुढच्यांनाच ऐकू आलं.

दाजी त्यांच्याकडे बघतच राहिले. शंभर वळ्या भरल्या, भाजल्या, दिवसभर त्या वासात उभा राहिला, आणि तोंडात गेली ती रताळी. सासूबाई पुढे आल्या. "मगे ह्याचा उपास झाला," त्या म्हणाल्या. "आपल्यापेक्षा कडक झाला. चला, आपापल्या घरी जावा." माणसं पांगली, जाताना मागे वळून बघत. आम्ही वळ्या फळीवर उचलून ठेवल्या, सासूबाईंनी अंगणात गोमूत्र शिंपडलं.

मला वाटलं, संपलं. उद्या हसण्यावारी जाईल. पण यांना पापाचं काही लागलं नव्हतं. लागलं होतं ते दुसरंच. हे आत गेले आणि ट्रंक ओढल्याचा आवाज आला. मी दारात उभी राहिले. ते कपडे घड्या करून भरत होते, बोटीवरच्या माणसासारखे, एकही सुरकुती न ठेवता.

"आपल्या गावची एकादशी ज्याला म्हायत नाय, त्यानं पेटी हिथं कशाला ठेवायची?" ते म्हणाले. मग स्वतःलाच म्हणाले, "मी हिथला नाय राह्यलो."

 बोलायला पुष्कळ होतं. मानी माणसाला नेमकी अशाच वेळी वाचा बसते.

सकाळी द्वादशी. हे उठून मांडवीला गेले, सारंगाला होकार सांगायला आणि पडावाची वेळ विचारायला. घरात मी पारण्याचा वरणभात टाकला. तो होतो न होतो तोच पहिली वाटी दारात आली. शेजारची होती. म्हणाली, "काल कसला तरी वास येत होता." मी म्हटलं, "येत होता." म्हणाली, "खराब झालं असेल ना?" मी म्हटलं, "भाजलेली कणीक आहे. आत हवा जात नाही." हा गुण मला यांनी सांगितला होता. कणकेचं पांघरूण नुसतं शोभेचं नाही, आतलं धरून ठेवायला असतं.

मी भट्टी पेटवली. कोणालाही न विचारता, स्वतः. वळ्या पुन्हा गरम केल्या. मग माणसं येत गेली. कोणी विस्तव मागायला, कोणी मिरची मागायला, कोणी काहीच न मागता. उपाशी पोटाने रात्रभर त्या वासाबरोबर झोपलेली माणसं होती. नाटक फार वेळ टिकलं नाही. अंगणात पापुद्रे उडत होते. सासूबाई एका पानापाशी बसल्या, एक वळी मोडून आत नीट पाहिलं, खाल्ली, आणि दुसरीला हात घातला. त्यांची पसंती मी आयुष्यात एवढीच पाहिली.

दाजी सगळ्यात शेवटी आले. बसून खाल्ली. बोटं पुसली. "मीठ बरोबर हाय," म्हणाले. आणि मग, पान जमवता जमवता: "तुळशीचं लगीन लागलं की आमच्या नातीचं काढलंय. आचारी मिळत नाय धड. त्याला विचार."

हे दुपारी परतले. अंगणात नुसती केळीची पानं पडली होती. ते पानांकडे पाहत उभे राहिले आणि म्हणाले, "माडांना घातलंस?"

"आळीने खाल्लं," मी म्हटलं. "सासूबाईंनी दोन खाल्ल्या. दाजींच्या नातीचं लग्न आहे, त्यांना आचारी हवाय. तुम्हाला विचारलंय."

ते थोडं हसले. "दाजी म्हातारा हाय. त्याला वाईट वाटलं असेल काल." आणि आत जाऊन ट्रंकेला दोर बांधू लागले. "भरतीला पडाव हाय. इब्राहिम वाट बघतोय."

मी मागोमाग गेले. दोराची एक गाठ त्यांनी मारली होती, दुसरी मारत होते. मला कळत होतं की ही गाठ बसली की पुढची काही वर्षं मी दोघींचं रांधणार, आणि त्यांचं पान मांडायला उठलेला हात मागे घेणार. हे मी पुष्कळदा केलं होतं. मला ते पुन्हा करायचं नव्हतं.

"जाऊ नका," मी म्हटलं.

त्यांचे हात थांबले.

"दाजी राहू देत, लग्न राहू दे. मला तुम्ही घरात हवे आहात. एकादशी चुकली तर मी सांगेन. रोज सकाळी तिथी सांगेन. पण जाऊ नका."

सासूबाई माजघरातून ऐकत होत्या. मला त्याची लाज वाटली नाही.

"मी हिथं काय करू गो?" हे म्हणाले. आवाज बदलला होता. "तिघांचं मला जमत नाय. तुला म्हायत हाय."

"तिघांचं मी करीन," मी म्हटलं. "शंभरांचं तुम्ही करा."

ते दोर हातात धरून खाली बघत बसले. बाहेर मांडवीच्या बाजूने कोणीतरी यांच्या नावाने हाक मारत आळीत येत होतं. इब्राहिमने पाठवलेला खलाशी असणार. यांनी हाकेला ओ दिली नाही. गाठ सोडली, दोराचं वेटोळं करून कोनाड्यात ठेवलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "दाजीच्या नातीच्या लग्नाला मानसं किती?"

"दोनशे तरी," मी म्हटलं, आणि मग मात्र मला रडू आवरलं नाही.